पित्ताच्या गोळीने आराम पडला, म्हणजे कॅन्सर नाही?

सांगली-मिरजेतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणाऱ्या एका मजकुराचे म्हणणे असे: जठराचा कॅन्सर असेल तर वजन झपाट्याने उतरते, रक्ताची उलटी होते आणि पित्ताच्या गोळीने आराम पडत नाही, सोनोग्राफी नॉर्मल आली की निर्धास्त राहावे, दुर्बिणीतून तुकडा मात्र काढू देऊ नये, त्याने कॅन्सर पसरतो.

ही लक्षणे बहुधा पुढे गेलेल्या आजाराची असतात. जपानी तज्ज्ञांनी १९६२ मध्ये केलेल्या व्याख्येनुसार, जो कॅन्सर जठराच्या आतल्या अस्तरात किंवा त्याच्या लगतच्या थरातच आहे, स्नायूंपर्यंत पोहोचलेला नाही, तो सुरुवातीचा, मग लसिका ग्रंथींत (शरीरातल्या छोट्या संरक्षक गाठींत) पसरलेला असो वा नसो. या अवस्थेत अनेकांना काहीच त्रास नसतो. असलाच तर आंबट ढेकर, पोट गच्च होणे, जळजळ, म्हणजे भडंगाचे दोन बकाणे जास्त झाल्यावर होते तेवढेच.

सर्वांत घातक आहे तो गोळीचा मुद्दा. पॅन्टोप्रॅझोलसारख्या औषधाने आम्ल घटले की कॅन्सरमधला व्रणसुद्धा काही काळ भरून येऊ शकतो, त्यावर अस्तर चढते आणि रुग्णाला खरोखरच बरे वाटते. पुढे तोच व्रण पुन्हा उघडतो. जठरातला व्रण भरल्यावरही डॉक्टर दुर्बिणीसाठी परत बोलावतात, ते यासाठी.

सोनोग्राफीत हा सुरुवातीचा कॅन्सर दिसत नाही. दुर्बिणीतूनही दिसतो तो बहुधा किंचित खोलगट, लालसर किंवा फिकट चट्टा, ज्याच्या वेड्यावाकड्या कडेशी अस्तराच्या घड्या अचानक तुटतात. निळा रंग फवारला की ती कड उठून दिसते.

तिथून काढलेल्या कणीएवढ्या सहा-आठ तुकड्यांनी कॅन्सर पसरत नाही. उलट निदान त्यांवरच होते. पेशी ग्रंथींसारखी रचना करतात की एकेकट्या विखुरतात, हे पॅथॉलॉजिस्ट त्यांत पाहतो. कॅन्सर किती खोल गेला आहे हे पक्के कळते ते पूर्ण काढलेल्या भागावरून. अस्तरापुरत्या कॅन्सरमध्ये लसिका ग्रंथींत प्रसार काही टक्क्यांतच आढळतो, खालच्या थरात शिरल्यावर सुमारे २० टक्क्यांत. त्यामुळे निवडक रुग्णांत दुर्बिणीतूनच तो थर सोलून काढता येतो. इतरांना शस्त्रक्रिया लागते.

प्रत्येक जळजळीला दुर्बीण लागत नाही, हे खरेच. पण साठीच्या आसपास नव्याने सुरू झालेले अपचन, काळी शौच, गिळताना अडकणे किंवा कारण न सापडणारा रक्तक्षय असेल, तर गोळीने आराम पडला तरी ती तपासणी टाळू नये.