पायधुणीला होडी लागत नव्हती

दादरच्या हिंदमाताला पाणी तुंबलं की मुंबईच्या सात बेटांचा तो नकाशा मोबाइलवर पुन्हा फिरायला लागतो. निळ्या समुद्रात सात हिरवे ठिपके आणि खाली मजकूर: 'पोर्तुगीजांनी इंग्रजांच्या राजाला ही सात बेटं हुंड्यात दिली. हॉर्नबी नावाच्या गव्हर्नराने समुद्र हटवून ती जोडली. त्याआधी इथे कोळ्यांच्या चार झोपड्यांपलीकडे काही नव्हतं. मुंबई इंग्रजांनी वसवली.' यंदा सोसायटीच्या ग्रुपवर तो तीनदा आला. तिसऱ्यांदा आमच्या मजल्यावरच्या काकांनी टाकला, वर 'हे पोरांना शाळेत शिकवा' अशी पुस्ती जोडून. काका, शाळेत हेच शिकवतात. कुलाबा, छोटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम हे मी पाढ्यांसारखं घोकलेलं आहे.

आधी हुंडा. दुसरा चार्ल्स आणि ब्रगांझाची कॅथरीन यांच्या लग्नाचा तह झाला २३ जून १६६१ ला. त्यात उल्लेख आहे तो 'मुंबईचं बंदर आणि बेट' असा. बेट, एकवचनी. सात हा आकडा तिथे नाही, आणि त्या एका बेटात नेमकं काय काय मोडतं यावरूनच पुढे तंटा झाला. गोव्याचा व्हाइसरॉय अंतोनिओ द मेलो द कास्त्रो याला मुंबई सोडायचीच नव्हती. ताबा घ्यायला आलेला अब्राहम शिपमन आणि त्याचे शिपाई कारवारजवळच्या अंजदीव बेटावर ताटकळत बसले. शिपमनसकट त्यातले कितीतरी तिथेच मेले. अखेर १८ फेब्रुवारी १६६५ ला शिपमनच्या जागी आलेल्या हंफ्रे कुकच्या हाती मुंबई पडली. पोर्तुगीज म्हणत माहीम त्यात येत नाही, इंग्रज म्हणत येतं, आणि इंग्रजांनी ते घेतलं. कुलाब्याचा ताबा त्याच्याही नंतर.

आजच्या मुंबईचा मोठा तुकडा तर या हुंड्यात कधी नव्हताच. वांद्र्यापासून दहिसर आणि कुर्ल्यापासून मुलुंड ही सगळी साष्टी, म्हणजे उत्तरेचं वेगळं बेट. ती पोर्तुगीजांकडेच राहिली, वसईच्या मोहिमेत (१७३७-३९) मराठ्यांकडे आली, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेऊन ती बळकावली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांच्याकडे कायम झाली. उपनगरं महापालिकेच्या हद्दीत आली १९५० आणि १९५७ मध्ये. बोरिवलीच्या फ्लॅटात बसून 'आमचं शहर हुंड्यात दिलं' म्हणायचं तर म्हणा, पण बोरिवलीला तेव्हा कुणी विचारलंच नव्हतं.

आता ते सात ठिपके. उंचवटे होते आणि भरतीला मधे पाणी शिरायचं, हे कुणी नाकारत नाही. पण नकाशातल्या निळ्या रंगामुळे वाटतं की परळहून माझगावला जायला गलबत काढावं लागत असेल. प्रत्यक्षात मधे होतं खाजण. ओहोटीला चिखल, भरतीला पाणी. सतराव्या शतकातले इंग्रज कागद तिला समुद्र म्हणत नाहीत, 'बुडीत जमीन' म्हणतात. मुख्य पाणी शिरायचं ते महालक्ष्मी आणि वरळीच्या मधल्या भगदाडातून. त्याला इंग्रज 'ब्रीच' म्हणत, आणि ब्रीच कँडीच्या नावात तो शब्द अजून आहे. ते पाणी आत कुठपर्यंत यायचं हे मोहल्ल्यांची नावंच सांगतात. उमरखाडी म्हणजे खाडी. पायधुणी म्हणजे चिखलातून चालत आल्यावर पाय धुवायची जागा, असंच पिढ्यानपिढ्या सांगतात. पाय धुऊन भागत होतं, होडी लागत नव्हती!

अशा जमिनीचं काय करायचं हे कोकणातल्या माणसाला इंग्रजांनी शिकवायची गरज नव्हती. मातीचा बांध घालायचा, त्यात उघाडी ठेवायची. भरतीला तिची झडप बाहेरच्या पाण्यानेच मिटते, ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. दोन-चार पावसाळ्यांत मीठ धुऊन निघालं की खारं भात लावायचं. ही खारबंदिस्ती रायगड जिल्ह्यात आजही बघायला मिळते, गोव्यात तर खाजन शेती नावाजलेलीच आहे.

हॉर्नबीची गोष्ट मात्र झकास आहे. ईस्ट इंडिया कंपनीने परवानगी नाकारली, बडतर्फीचं पत्र आलं, ते त्याने खिशात ठेवलं आणि बांध पुरा झाल्यावरच बाहेर काढलं. पण भगदाड बुजवायची खटपट त्याच्या कितीतरी आधी, अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालू होती. तो गव्हर्नर झाला १७७१ मध्ये. ज्या बांधाला त्याचं नाव लागलं तो 'हॉर्नबी वेलार्ड', आणि त्यातला 'वेलार्ड' शब्दही पोर्तुगीज 'वलादो'वरून, म्हणजे कुंपण किंवा बांध, आलेला मानतात. शिवाय त्याने सगळं जोडलं असेल तर कुलाब्याचा रस्ता १८३८ पर्यंत का थांबला? माहीम-वांद्रे जोडरस्ता तर १८४५ चा. त्यासाठी कंपनी सरकारने हात आखडता घेतला, तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाईंनी सुमारे १ लाख ५७ हजार रुपये दिले. त्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्यांना हॉर्नबी ठाऊक असतो, आवाबाई नसतात.

'चार झोपड्या'वाल्या वाक्याचा मला खरा राग येतो. १९३१ साली परळला रस्त्याचं काम चालू असताना खणताना एक शिळा लागली. माणसाच्या दुपटीच्या आसपास उंच, एकाच दगडात एकातून एक उमलत गेलेले सात शिव, पायाशी वाद्यं घेतलेले गण. काळ साधारण पाचवं-सहावं शतक. असली शिळा घडवून घ्यायला पैसा लागतो, कारागीर लागतात, पूजेला येणारी माणसं लागतात. परळचाच शिलाहार राजा अपरादित्याचा बाराव्या शतकातला शिलालेख. त्यात दान मोडणाऱ्याला दिलेला शाप चक्क मराठीत आहे, आणि तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकण्यासारखा अजिबात नाही. माहीमला पंधराव्या शतकातल्या मखदूम अली माहिमींचा दर्गा. सोळाव्या शतकात गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य मुंबईत वाडी राखून होता. आणि कोळ्यांबरोबर भंडारी, आगरी, पाचकळशी, पाठारे प्रभू हे सगळे काय आभाळातून पडले?

इंग्रजांनी काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. सुरतेवरून कंपनीचं ठाणं इथे हललं, गोदी आली, रेल्वे आली आणि बंदराचं महानगर झालं. पण 'मोठं केलं' आणि 'वसवलं' यांत फरक आहे, आणि तो पुसला की वारशाची यादीही तशीच होते. व्हीटी स्टेशन २००४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं, ओव्हल मैदानाभोवतीच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारती २०१८ मध्ये. घारापुरी १९८७ पासूनच तिथे आहे, पण ती आपल्याला शहराबाहेरची सहल वाटते. जोगेश्वरी, महाकाली, मंडपेश्वर ही लेणी शहराच्या पोटात असूनही 'जुनी मुंबई' म्हटल्यावर आठवतो तो फोर्टच.

परळची ती शिळा संग्रहालयात नेलेली नाही, तिथे तिचा साचा आहे. मूळ शिळा परळलाच, बारादेवीच्या देवळात. काका मूळचे परळचे. बारादेवीला हात जोडायला ते अजून जातात.