दार उघडतं, तरी गार्सँ जात नाही

'नरक म्हणजे इतर माणसं' हे फ्रेंच तत्त्वज्ञ आणि नाटककार सार्त्रचं वाक्य कुणीतरी वॉलवर डकवतं आणि खाली सासू, शेजारी, ऑफिसातले साहेब अशा सगळ्यांचा उद्धार सुरू होतो. वाक्य चटकदार आहे, मान्य. पण ते ज्या नाटकात येतं, ते आपल्याकडे 'नो एक्झिट' म्हणून माहीत असलेलं नाटक त्रासदायक माणसांबद्दल नाहीच. माझ्या मते ते भेकडपणाबद्दल आहे.

पहिला प्रयोग कधी झाला बघा. २७ मे १९४४, पॅरिस. शहर जर्मनांच्या ताब्यात, दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीत उतरायला अजून दहा दिवस. समोर बसलेल्या प्रेक्षकांना उद्या एकमेकांना विचारायचंच होतं की या चार वर्षांत तू काय केलंस? आणि रंगमंचावर गार्सँ. शांततावादी पेपर चालवणारा पत्रकार. युद्ध सुरू होताच पळाला, सीमेवर सापडला, गोळ्या घालून मारला गेला.

मेल्यावर तो ज्या नरकात येतो तिथे उकळत्या कढया नाहीत, आहे एक बंद खोली, आणि सोबत कोंडलेल्या दोन मेलेल्या बायका, एस्तेल आणि इनेझ. तीन कोच, ब्राँझचा पुतळा, कधी न मालवणारा उजेड आणि कागद कापायची सुरी. पुस्तकं आहेत का? नाहीत. मग सुरी कशाला? नोकर नुसते खांदे उडवतो. पुढच्याच वर्षी सार्त्रने अस्तित्ववादावरच्या व्याख्यानात कागद कापायच्या सुरीचंच उदाहरण दिलं. सुरीचं काम ती घडण्याआधीच ठरलेलं असतं. माणूस आधी असतो आणि मग आपल्या करणीतून घडतो. (सातशेहून जास्त पानांचं सार्त्रचं तत्त्वज्ञानाचं पुस्तक 'बीइंग अँड नथिंगनेस' अर्ध्यात सोडलेल्या आम्हा मंडळींसाठी ही एकांकिका मोठाच दिलासा आहे.)

खोलीत आरसाही नाही. एस्तेलला लिपस्टिक लावायचीय, तर इनेझ म्हणते, मी होते तुझा आरसा. सगळं गोडीगुलाबीत चाललेलं असताना मध्येच विचारते, गालावर हे तांबडं काय, पुटकुळी? एस्तेल हादरते. तसं काही नसतंच. इनेझ शांतपणे म्हणते, आरसाच खोटं बोलायला लागला तर?

गार्सँलाही असाच आरसा हवाय, 'तू भेकड नाहीस' म्हणणारा. एस्तेल तो म्हणेल ते म्हणायला तयार आहे, पण तिच्या शब्दाला किंमत नाही हे त्याला कळतं. तो दार बडवतो आणि दार चक्क उघडतं. तरी तो जात नाही. का, तर इनेझ मागे राहील आणि त्याला भेकड समजत राहील. ते प्रसिद्ध वाक्य यानंतर येतं, हे डकवणारे विसरतात.

सार्त्रचं त्याआधीचं नाटक 'द फ्लाइज' मला फारच भाषणबाज वाटतं. आणि हो, ही नाटकं जर्मन सेन्सॉरच्या परवानगीनेच लागली, त्यावरून सार्त्रला आजही बोल लावला जातो. लावावाच. मला त्यामुळे गार्सँ उलट जास्त खरा वाटतो.

एक हळहळ मात्र आहे. सुरुवातीला दिग्दर्शन आणि गार्सँची भूमिका दोन्ही लेखक आल्बेर काम्यू करणार होता. तालमीही झाल्या, पण पुढे तो बाजूला झाला. म्हणजे जर्मनांविरुद्ध छुपेपणाने निघणाऱ्या 'काँबा' या पत्रात काम करणारा खरा पत्रकार या पळपुट्या पत्रकाराच्या तोंडून 'मी भेकड नाही ना?' म्हणून गयावया करताना दिसला असता. तो प्रयोग व्हायला हवा होता.