रक्तमोक्षण दोन हजार वर्षे का टिकले? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

इतिहासातील विचित्र उपचारांवरील माझ्या लेखाबद्दलची आपली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत. जॉर्ज वॉशिंग्टन यांचा मृत्यू रक्त काढल्यामुळेच झाला असे मी ठामपणे लिहिले, पण ते सिद्ध झालेले नाही. जळवा आणि फॉक्सग्लोव्ह ही वनस्पती यांना वैद्यकात आजही स्थान असताना मी त्यांना ममीची भुकटी आणि मानवी कवटीचा अर्क यांच्या पंक्तीला बसवले. रक्तमोक्षण, म्हणजे आजार बरा करण्यासाठी रुग्णाच्या अंगातून रक्त काढणे, हा उपचार दोन हजार वर्षे टिकला, तर त्यात काहीतरी तथ्य असणारच, कारण इतक्या पिढ्यांचे वैद्य मूर्ख असू शकत नाहीत. आणि शंभर वर्षांनी आपल्या आजच्या औषधांनाही लोक असेच हसतील. यांतले पहिले दोन आक्षेप मला मान्य आहेत. तिसरा मान्य नाही, आणि चौथ्याचे उत्तर तिसऱ्यातच दडलेले आहे असे मला वाटते.

वॉशिंग्टन यांच्यापासून सुरुवात करते. 14 डिसेंबर 1799 रोजी, वयाच्या 67व्या वर्षी, ते घशाच्या आजाराने गेले. श्वासनलिकेच्या तोंडावरील झाकणाला आलेली तीव्र सूज हे त्या आजाराचे आज सर्वाधिक संभाव्य मानले जाणारे निदान आहे, आणि त्या काळी त्यावर खात्रीचा उपाय नव्हता. त्यामुळे 'रक्त काढले नसते तर ते वाचले असते' असे म्हणता येत नाही, ही आपली दुरुस्ती रास्त आहे. पण त्या एका दिवसात चार वेळा मिळून त्यांच्या अंगातून दोन लिटरांहून अधिक रक्त काढले गेले, आणि गुदमरणाऱ्या माणसाला त्याने बळ आले नसणार, एवढे तर म्हणता येते. पहिल्यांदा रक्त काढले ते डॉक्टर येण्यापूर्वी, खुद्द वॉशिंग्टन यांच्या आग्रहावरून. पत्नी मार्था यांना ते फार होते आहे असे वाटत होते, तरी वॉशिंग्टन यांनी आणखी काढायला सांगितले. तीन डॉक्टरांपैकी वयाने सर्वांत लहान असलेले एलिशा डिक यांनी पुढच्या रक्तमोक्षणाला विरोध केला आणि श्वासनलिकेला छेद देऊन वाट मोकळी करावी असे सुचवले; ते मानले गेले नाही. काही आठवड्यांतच दुसरे डॉक्टर गुस्ताव्हस ब्राउन यांनी तिसरे डॉक्टर जेम्स क्रेक यांना पत्र लिहिले आणि डिक यांचे ऐकायला हवे होते असे कबूल केले. यात मूर्ख कोणीच नव्हते. रुग्णाचा आणि डॉक्टरांचा त्या उपचारावर सारखाच विश्वास होता, आणि तो का होता हाच खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधताना नुसते प्राचीन वैद्य गॅलेन यांच्या चार द्रवांच्या सिद्धान्ताकडे (शरीरातील चार द्रवांचा तोल बिघडला की आजार होतो, या समजुतीकडे) बोट दाखवून भागत नाही. सिद्धान्त होताच, पण सिद्धान्तापेक्षा मोठा पुरावा रोज डोळ्यांसमोर दिसत होता. तापाने फणफणलेला, चेहरा लाल झालेला, बरळणारा रुग्ण घ्या. त्याची शीर उघडून बरेच रक्त काढले की रक्तदाब उतरतो, त्वचा गार पडते, घाम येतो, रुग्ण शांत होतो, कधी त्याला ग्लानी येते. खाटेजवळ उभ्या असलेल्या कोणालाही हा उतार वाटणार. त्यातच बहुतेक ताप आपोआप उतरतात, त्यामुळे पुष्कळ रुग्ण खरोखरच बरे होत आणि श्रेय रक्तमोक्षणाला जाई. जो दगावे, त्याच्याबाबत उपचार उशिरा सुरू झाला किंवा रक्त कमी काढले गेले असे म्हणता येई. दोन्ही बाजूंनी उपचार खरा ठरण्याची सोय असल्यावर तो दोन हजार वर्षे टिकला यात नवल नाही.

1793 मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात पीतज्वराची साथ आली आणि सुमारे 5000 माणसे मेली. डॉक्टर बेंजामिन रश त्या वेळी शहर सोडून गेले नाहीत. जिवाची पर्वा न करता ते घरोघर फिरले, आणि प्रत्येक ठिकाणी त्यांनी भरपूर रक्त काढले व पाऱ्याचे जुलाब दिले. माणसाच्या शरीरात प्रत्यक्षात असते त्याच्या सुमारे दुप्पट रक्त असते अशी त्यांची समजूत होती. पुढे ते स्वतः आजारी पडले, त्यांनी स्वतःवर तोच उपचार करून घेतला आणि ते वाचले. यानंतर त्यांची खात्री कोण ढळवणार? पत्रकार विल्यम कॉबेट यांनी शहरातील मृत्यूंच्या नोंदी पुढे करून त्यांच्यावर जहरी टीका केली, तेव्हा रश यांनी बदनामीचा दावा लावला आणि 5000 डॉलरची भरपाई मिळवली. तो निकाल लागला 14 डिसेंबर 1799 रोजी, वॉशिंग्टन गेले त्याच दिवशी. हा योगायोग वाचला तेव्हापासून मला तो विसरता आलेला नाही.

अनुभव खरा असूनही निष्कर्ष चुकीचा कसा निघतो याचे सर्वांत बोलके उदाहरण सतराव्या शतकातले आहे. केनेल्म डिग्बी यांच्यासारखे लोक जखमेला औषध न लावता ज्या तलवारीने जखम झाली तिला, किंवा रक्ताने भिजलेल्या पट्टीला औषध लावत. जखम मात्र नुसती धुऊन स्वच्छ कापडाने बांधून ठेवत. अशा जखमा इतरांच्या जखमांपेक्षा चांगल्या भरत असत, आणि याचे कारण सरळ आहे: त्या काळची मलमे आणि लेप जखमेत घालण्यापेक्षा काहीच न घालणे अधिक हिताचे होते. डिग्बी खोटे बोलत नव्हते. तुलना कशाशी होते आहे हे त्यांना कळले नव्हते, इतकेच.

ही तुलना आकड्यांत मांडणाऱ्यांपैकी पॅरिसचे डॉक्टर पिएर लुई यांचे काम मला फार मोलाचे वाटते. 1833 मध्ये एकट्या फ्रान्सने चार कोटींहून अधिक जळवा आयात केल्या होत्या, यावरून तेव्हाच्या श्रद्धेची कल्पना यावी. लुई यांनी न्यूमोनियाच्या 77 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. आजाराच्या पहिल्या चार दिवसांत ज्यांचे रक्त काढले अशा 41 जणांपैकी 18 दगावले. पाचव्या ते नवव्या दिवसादरम्यान ज्यांचे काढले अशा 36 जणांपैकी 9. लवकर रक्त काढणे श्रेयस्कर, या समजुतीला हा जबर धक्का होता. रक्त अजिबात न काढलेले रुग्ण या तुलनेत नव्हते, दोन गटांची वयेही सारखी नव्हती, आणि स्वतः लुई यांनीही रक्तमोक्षण पूर्णपणे टाकून दिले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी विल्यम ऑस्लर यांच्यासारखे थोर डॉक्टरही काही न्यूमोनिया-रुग्णांसाठी ते सुचवत होते. तरीही 'माझा अनुभव' या पुराव्याच्या जागी 'किती जणांपैकी किती' हा प्रश्न येथे उभा राहिला, आणि तो पुन्हा खाली बसला नाही.

आता फॉक्सग्लोव्ह. येथे चूक सर्वस्वी माझी आहे. इंग्रज डॉक्टर विल्यम विदरिंग यांनी इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातील एका वृद्धेच्या वीसेक वनस्पतींच्या घरगुती काढ्यातून नेमकी ही वनस्पती निवडली, दहा वर्षे तिचा अभ्यास केला आणि 1785 मध्ये तो प्रसिद्ध करताना यशाबरोबर अपयशाचीही प्रकरणे दिली. मात्रा वाढली की ती विष ठरते, हेही त्यांनी नोंदवले. आजचे डिगॉक्सिन हे हृदयविकारावरील औषध त्याच कुळातील वनस्पतीपासून मिळते. जळवांचेही तसेच: तुटल्यावर पुन्हा जोडलेल्या बोटात साचलेले रक्त वाहते ठेवण्यासाठी शल्यचिकित्सक आज त्या वापरतात, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2004 मध्ये त्याला परवानगी दिली आहे. मात्र यामुळे ताप उतरवण्यासाठी जळवा लावणारे बरोबर ठरत नाहीत. जळू तीच आहे, पण तिच्याकडून मागितलेले काम वेगळे आहे. 'विचित्र' हा शब्द मी मोजपट्टी म्हणून वापरला तेथेच लेख घसरला, कारण दिसायला विचित्र असणे आणि निरुपयोगी असणे यांचा काहीही संबंध नाही.

शंभर वर्षांनी लोक आपल्यालाही हसतील, हे आपले म्हणणे मी नाकारत नाही. हृदयविकाराच्या झटक्यानंतर हृदयाचे अनियमित ठोके धोकादायक ठरतात, म्हणून ते दाबणारी एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधे विसाव्या शतकात अनेक रुग्णांना दिली गेली. आलेखावर ठोके सुधारलेले दिसत होते. रक्त काढल्यावर शांत झालेला रुग्ण पाहणाऱ्या वैद्याची फसगत आणि ही फसगत एकाच जातीची आहे. फरक इतकाच की येथे निम्म्या रुग्णांना औषध आणि निम्म्यांना निष्क्रिय गोळी देऊन मृत्यू मोजले गेले, औषध घेणाऱ्यांतच मृत्यू अधिक आढळले, आणि 1989 मध्ये या दोन औषधांची चाचणी मध्येच थांबवावी लागली. रक्तमोक्षणाबाबत जे कळायला वीस शतके लागली, ते येथे काही वर्षांत कळले. म्हणून टिकून राहिलेल्या काळाला मी पुरावा मानत नाही.

मूळ लेखातील वॉशिंग्टन यांच्या मृत्यूविषयीचे वाक्य मी आज बदलले आहे आणि डिक यांचा विरोध व ब्राउन यांचे पत्र हे दोन्ही त्यात घातले आहे. फॉक्सग्लोव्हचा परिच्छेद त्या यादीतून काढला असून विदरिंग यांच्यावर स्वतंत्रपणे लिहिणार आहे. रक्तमोक्षणाचा भाग मात्र आहे तसाच ठेवला आहे.