माल्टाला यावं की नाही? ग्झिराच्या कठड्यावरचं भांडण

वादाला निमित्त झालं कोल्हापूरकराच्या मामेभावाचं. बीकॉम झालाय, माल्टात शिकायला यायचं म्हणतोय, एजंट गाठलाय. "काय सांगू त्याला?" एवढंच कोल्हापूरकरानं विचारलं आणि ग्झिराच्या समुद्रकाठच्या कठड्यावर आमची रविवारची बैठक तापली.

नागपूरकर लगेच सुटला. "सांग त्याला, तिथंच बस बे. मी आलो ना, पाहून राहिलास ना माझे हाल?" तो एका खासगी संस्थेत डिप्लोमाला आला होता. कॉलेज म्हणजे दुकानावरच्या मजल्यावर तीन खोल्या. फी पोचली की संस्थेचा रस संपला. आता रात्री खाण्याची पार्सलं पोचवतो.

"तुझं झालं म्हणून सगळ्यांचं तसंच होतंय व्हय?" कोल्हापूरकर इथल्या ऑनलाइन गेमिंग कंपनीत आहे, त्यामुळे बेटाची बाजू घेणं त्याला भाग आहे. "शिकवतात इंग्रजीत. देश युरोपियन युनियनमधे, पैसा युरो, राहण्याच्या परवान्याचं कार्ड मिळालं की शेंगेनमधे, म्हंजे युरोपातल्या एका व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांत, फिरायला मोकळं. आणि लका, गाड्या डावीकडनं चालतात, आपल्यासारख्या!"

डावीकडच्या गाड्या ही १९६४ पर्यंतच्या इंग्रजी राज्याची कमाई. त्या बळावर कुणी विद्यापीठ निवडावं असं मला वाटत नाही, पण कोल्हापूरकराला मुद्दे कमी पडले की तो रस्त्यावर येतो.

मिरजेच्या सिस्टर, आमच्यातल्या सगळ्यात शहाण्या, तोवर वाटाण्याची पस्तित्सी, म्हणजे इथला पापुद्र्यांचा पफ, खात होत्या. त्या म्हणाल्या, "फिरायला मोकळं, कामाला नाही. इथल्या कार्डावर बाकीच्या शेंगेनमधे १८० दिवसांतले ९० दिवस जाता येतं, बास. जर्मनीत नोकरी करायची तर तिथला कागद वेगळा. हे एजंट सांगतो का?"

एजंट काय सांगतो ते सगळ्यांना पाठ आहे. शिकता शिकता कमवा. खरा नियम असा की पहिले ९० दिवस काम नाही, मग परवाना काढून आठवड्याला वीस तास. वीस तासांत घरभाडं कसंबसं निघतं, फी निघत नाही. कोल्हापूरकर म्हणाला, "बस तरी फुकट हाय की." आहे खरी. ऑक्टोबर २०२२ पासून रहिवाशांना बसच्या कार्डावर प्रवास फुकट. फक्त ती भरून आली की थांब्यावर न थांबता पुढे जाते, आणि ऑगस्टच्या उन्हात आपण तिथंच.

मग माझ्यावर घसरले. "तू बोल ना, तू तर मोठ्या विद्यापीठातला!"

मी माल्टा विद्यापीठात मास्टर्स करतोय, म्सीडाला. माझी बाजू नागपूरकराच्या जवळची नाही आणि कोल्हापूरकराचीही नाही. माझ्या विद्यापीठाचं मूळ १५९२ सालच्या जेझुइट पाद्र्यांच्या कॉलेजात आहे; १७६९ मधे, तेव्हा इथं राज्य करणाऱ्या नाइट्सच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या, प्रमुखानं, ग्रँडमास्टर पिंटोनं, त्याला विद्यापीठ केलं. 'लॅटरल थिंकिंग', म्हणजे चाकोरीबाहेरच्या विचाराची कल्पना मांडणारे एडवर्ड डी बोनो इथंच डॉक्टरी शिकले. वर्ग छोटे, प्राध्यापक नावानं ओळखतात. माल्टीज पोरं आपसांत त्यांच्या भाषेत बोलतात, कानाला अरबी वाटते, लिहितात रोमन लिपीत. वर्गात मात्र इंग्रजी. ती पोरं सरकारी विद्यावेतन घेऊन शिकतात, आम्ही बाहेरचे फी भरून. त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही, त्यांचा देश आहे.

"पण विषय कुठला, हे विचार त्याला," मी म्हणालो. "अख्खा देश ३१६ चौरस किलोमीटर, बृहन्मुंबईच्या साधारण निम्मा. इथं गेमिंग आहे, वित्तसेवा आहे, पर्यटन आहे, बंदर आहे, दवाखाने आहेत. समुद्राचं पाणी गोडं करून पितात, तो विषयही इथं शिकण्यासारखा. पण मोटारीचे कारखाने नाहीत. मेकॅनिकलवाल्यानं येऊन काय करायचं? मास्टर्सनंतर नोकरी शोधायला नऊ महिने मिळतात, पण दारं मोजकीच, आणि ती ठोठावणारे सगळ्या जगातून आलेले."

"मग नकोच म्हण की सरळ," नागपूरकर.

"सरळ नको कसं म्हणू? फायनान्सवाला असेल, घरची ऐपत असेल, तर यावं. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँक सहसा तारण मागते. म्हणजे मामांचं घर किंवा शेत. ते कशावर लावतोय ते आधी बघावं."

सिस्टरनी हात पुसले. "पत्र मागव त्याचं. प्रवेशाचं."

दोन मिनिटांत फोटो आला. विद्यापीठ नव्हतंच, खासगी संस्था होती. इथं अशा संस्थांना सरकारी प्राधिकरणाचा परवाना लागतो आणि प्रत्येक अभ्यासक्रमाला पातळी ठरलेली असते: सहा म्हणजे पदवी, सात म्हणजे मास्टर्स, आठ म्हणजे डॉक्टरेट. सिस्टरनी प्राधिकरणाच्या साइटवर नाव शोधलं. परवाना होता. संस्था खोटी नव्हती.

"बघ!" कोल्हापूरकर उठलाच.

"खाली वाच. पातळी पाच."

"एजंट तर म्हणालाय मास्टर्सच्या बरोबरीचं."

"बीकॉमच्या पोराला पदवीच्या खालचा डिप्लोमा विकलाय त्यानं," नागपूरकर म्हणाला. या वेळी आवाज चढवला नाही. "सेम टू सेम माझ्यासारखं. पैसे भरले का?"

कोल्हापूरकरानं फोनवर विचारलं. निम्मी फी गेली होती, मामीच्या दागिन्यांवर. व्हिसा नाकारला तर परत देऊ म्हणे, पण विद्यार्थ्यानंच माघार घेतली तर काय, ते पत्रात कुठंच नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, आजच लेखी मागा, तोंडी नको, फी परतीची अट कुठं लिहिलीय ते. मी म्हणालो, उरलेली निम्मी कुठल्याही परिस्थितीत भरू नका. यावर पहिल्यांदाच चौघांचं एकमत झालं. ते टिकलं दोन मिनिटं, कारण मामांना फोन कुणी करायचा यावरून पुन्हा जुंपली.

"तूच कर बे," कोल्हापूरकराला नागपूरकर म्हणाला. "एजंटचा नंबर मामाला कोणी दिला होता?"

"तुझ्याकडनंच घेतलेला की!"