ओआरएम नको म्हणालात ना, मग क्वेरी तरी धड लिहा!

ओआरएम (कोडमधल्या ऑब्जेक्टवरून डेटाबेसच्या क्वेऱ्या आपोआप लिहिणारं साधन) वापरायचं नाही? नका वापरू. एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) येत असेल तर त्यात काहीच गैर नाही. पण त्या नावाखाली सर्व्हिस लेयरचा (अ‍ॅपचं काम चालवणाऱ्या कोडचा) जो उकिरडा करून ठेवतात, तो बघून डोकं फिरतं!

होमस्टे बुकिंगचंच घ्या. तालुक्यानुसार शोधायला एक फंक्शन, तालुका आणि दर धरून दुसरं, त्यात तारीख आली की तिसरं. पाच ऐच्छिक फिल्टर म्हणजे ३२ कॉम्बिनेशन्स. किती फंक्शनं लिहिणार? नवी स्क्रीन आली की जुनं कॉपी करायचं, नाव बदलायचं. मग सॉफ्ट डिलीटची, म्हणजे 'काढलेलं' अशी नुसती खूण केलेल्या नोंदी वगळण्याची, अट निम्म्या ठिकाणी राहूनच जाते, आणि गोव्यात काणकोणातलं कधीच बंद पडलेलं घर ऐन चतुर्थीत बुकिंगला दिसतं. शिव्या खातो फोन उचलणारा.

अरे, शोधाचे सगळे निकष धरणारा एकच क्रायटेरिया ऑब्जेक्ट करा ना! फिल्टर, सॉर्ट, पान, बस. रिपॉझिटरीत (डेटाबेसशी बोलणाऱ्या कोडात) अटींची एक यादी, पॅरामीटरांची (क्वेरीत भरायच्या किमतींची) एक. फिल्टर आला तरच दोन्हींत भर घालायची, शेवटी अटी 'अँड'ने जोडायच्या. सॉफ्ट डिलीटची अट यादीत पहिल्यापासूनच. 'आयएन'ची ('यांपैकी कुठलंही' या अटीची) यादी रिकामी असेल तर क्वेरी पाठवूच नका, बहुतेक डेटाबेसांत सिंटॅक्स एरर येते.

ते सोडून 'पॅरामीटर नल (रिकामा) किंवा तालुका बरोबर पॅरामीटर' असल्या पाच अटी एकाच क्वेरीत कोंबतात. पोस्टग्रेस हा डेटाबेस प्रिपेअर्ड स्टेटमेंट (आधीच तयार ठेवलेली क्वेरी) पाचदा चालवल्यावर जेनेरिक प्लॅनचा (कुठल्याही किमतींना चालेल अशा एकाच आराखड्याचा) विचार करतो. तो निवडला गेला तर कुठला पॅरामीटर नल आहे हे प्लॅनला ठाऊकच नसतं, आणि इंडेक्स (शोधसूची) असून अख्खं टेबल चाळलं जातं.

सॉर्टचा तर कहर. कॉलमचं नाव प्लेसहोल्डरमधून (किंमत भरायच्या मोकळ्या जागेतून) जात नाही, म्हणून यूआरएलमधून आलेलं नाव सरळ स्ट्रिंगला चिकटवतात. इंजेक्शनला (बाहेरच्याने क्वेरीत आपलं एसक्यूएल घुसवण्याला) दार सताड उघडं! बाहेरचं कुठलं नाव आतल्या कुठल्या कॉलमचं, याचा मॅप ठेवा. त्यात नसेल ते नाकारा. आणि ऑर्डर बायच्या (क्रमवारीच्या) शेवटी आयडी लावाच. नाहीतर सारख्या दराचं एक घर दोन पानांवर येतं, दुसरं कुठेच येत नाही.

सगळ्यात संताप येतो तो जॉइनचा (टेबलं एकत्र जोडण्याचा). घर, खोल्या, फोटो एकाच क्वेरीत, वर लिमिट (जास्तीत जास्त ओळी) २०. ४ खोल्या आणि १० फोटो म्हणजे एका घराच्या ४० ओळी. लिमिट पहिल्याच घरात संपतं! मग कोणी तरी डिस्टिंक्ट (सारख्या ओळी गाळणारा शब्द) लावून बघतं, त्याने काय होणार? ओळी वेगळ्याच आहेत. दुसरं टोक म्हणजे प्रत्येक घरामागे एक क्वेरी: २० घरांना २१ फेऱ्या, त्याही फक्त खोल्यांसाठी. आधी २० घरं आणा, त्यांच्या आयडींवरून एका क्वेरीत सगळ्या खोल्या, एकीत सगळे फोटो, आणि मेमरीत आयडीनुसार जोडा. तीन क्वेऱ्या. त्याही जमत नसतील तर ओआरएमला नावं कशाला ठेवता?