अलिबागवरून बोलाल तर आज ऐकून घ्याल

मांडव्याहून येताना रो-रो बोटीवर एक साहेब ड्रायव्हरवर खेकसले, "अलिबागसे आया है क्या?" गाडी लावताना बिचाऱ्याचा जरा गोंधळ झाला, एवढंच. शनिवार-रविवार आमच्याकडे राहायचं, आमचीच सुरमई हाणायची आणि परतताना शिवी द्यायची तीही आमच्याच गावाची! मागे एकजण याविरुद्ध हायकोर्टात गेला होता, याचिका फेटाळली. ठीक आहे, बोलण्यावर बंदी नसावी. मग मीही बोलणार.

१९०४ साली मुंबईचंच अलिबागवाचून अडलं होतं, साहेब. मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी व्हायच्या. मुंबईला विजेच्या ट्राम हव्या झाल्या. रुळांतून वीज खेळू लागली की चुंबकाची सुई थाऱ्यावर कशी राहील? म्हणून वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी हे काम अलिबागला आणलं. १९०७ ला ट्राम धावली, पण त्याआधी काही काळ त्यांनी दोन्हीकडे एकदम मापं घेतली, जुन्या नोंदींना नव्या नीट जुळाव्यात म्हणून. काय चिकाटीचा माणूस असेल!

इमारतीला आपला काळा दगड चालेना, त्यात लोहाचा अंश. जांभ्याचंही तेच. दगड आणला पोरबंदरहून. शाळेतून आम्हाला नेलं तेव्हा दारावरच्या काकांनी माझी नवीकोरी पत्र्याची कंपासपेटी काढून घेतली. बाईंच्या केसांतल्या पिनासुद्धा! मी रडवेला झालो. काका म्हणाले, "तुझं कर्कटक आत गेलं तर पृथ्वीचं माप चुकेल रे बाळा." त्या वयात एवढा भाव मला दुसरं कोणी दिला नव्हता.

आणि या नोंदी म्हणजे नुसती रद्दी नव्हे. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावरून आलेल्या वादळाने युरोप-अमेरिकेत तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या. तेव्हा कुलाब्यात माणसं हाताने आकडे टिपत बसली होती. पृथ्वीच्या चुंबकत्वात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची (हे चुंबकत्व मोजायचं एकक) घसरण! एरवी शंभराची झाली तरी ते मोठं वादळ. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी तेच आकडे घेऊन त्या वादळाचा नव्याने हिशोब मांडला. उपग्रहांचं आणि विजेच्या जाळ्याचं काय होऊ शकतं हे समजायला आजही तेच वादळ नमुना म्हणून धरतात. ती नोंदींची साखळी अलिबागला अजून चालू आहे. ट्राम १९६४ ला बंद पडली.

आमच्याही पोरांना वेधशाळा म्हणजे पावसाचा अंदाज वाटतो, हे कबूल. बघायला तिथे फारसं काही नाही, हेही कबूल. पण कंपासपेटीची आठवण झाली की राग परत चढतो. एका पोराचं कर्कटक आत जाऊ दिलं नाही त्या लोकांनी, आणि आता गावात बघा! जिकडे तिकडे लोखंडी फाटकांचे बंगले, समुद्रापर्यंत गाड्यांच्या रांगा. ट्रामला वैतागून वेधशाळा इथे आली. तुमच्या एसयूव्हींना वैतागून उद्या तिने कुठे जायचं, श्रीवर्धनला?