बाजार बंद नको, आठवड्यातून एक दिवस रिकामा हवा

भाऊ,

बर्ड फ्लू टाळायला जिवंत कोंबडीबाजार आठवड्यातून एक दिवस रिकामा करून धुवा, असं मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचे आक्षेप चार: नागपूरच्या उन्हात बर्ड फ्लूचा विषाणू तग धरत नाही; आपल्याकडे चिकन रटरटून शिजवतात; दुकानांत रोज ब्लीचिंग पावडर पडते; आणि जिवंत कोंबडीबाजाराबद्दल असं लिहिलं की भाव पडतो, मार बसतो तो छोट्या चिकन सेंटरवाल्याला.

शिजवण्याचं तुमचं म्हणणं पूर्ण बरोबर आहे. मांसाच्या आतपर्यंत ७० अंश सेल्सिअस तापमान पोचलं की हा विषाणू मरतो आणि सावजी रस्सा त्याच्या कितीतरी पुढे उकळतो. चिकन खुशाल खा. मी लिहिलं ते कोंबडी कढईत पडायच्या आधीच्या दोन-तीन दिवसांबद्दल.

उन्हाचं मात्र तितकं सोपं नाही. कोंबडीच्या विष्ठेत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू ४ अंशांना महिनाभराहून जास्त टिकतो, ३७ अंशांना सुमारे ६ दिवस. सहा दिवसांत दुकानातला माल दोन-तीनदा बदलतो. शिवाय पिंजऱ्याखाली ऊन पोचतं कुठे? तिथे सावली, ओल आणि विष्ठेचा थर असतो. आणि थंडीत तर विषाणूचं फावतंच. देशातली पहिली साथ नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आली ती फेब्रुवारी २००६ मध्ये. आपल्या गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले ते डिसेंबर २०२४ च्या शेवटी. भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत त्यांचे नमुने एच५एन१ साठी पॉझिटिव्ह आले. खाऊ घातलेल्या कच्च्या मांसातून लागण झाली असावी, असा संशय होता. पाठोपाठ जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांत हाच विषाणू सापडला. म्हणून दुकानातली कच्ची आतडी, मुंडकी मांजर-कुत्र्याला टाकू नका, एवढं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायला हवं.

आता मूळ मुद्दा. एखाद्या फार्मवर साथ आली की पक्षी भराभर मरतात आणि तिथली साखळी तुटते. बाजारात ती तुटत नाही, कारण बाजार कधी रिकामाच होत नाही. न विकलेले पक्षी रात्री पिंजऱ्यातच राहतात, सकाळी त्यांच्याशेजारी नवा लॉट उतरतो. लागण झालेली कोंबडी लक्षणं दिसायच्या आधीच विषाणू सोडू लागते. बदक तर कित्येकदा आजारी न दिसताच सोडत राहतं. आपल्याकडे ब्रॉयलर, गावरान, बटेर आणि बदक एकाच रांगेत, एकाच पाण्याच्या भांड्यावर असतात. वर आणखी एक घोळ: मान वाकडी होणं, हिरवट हगवण, अचानक मर ही लक्षणं मानमोडीतही (कोंबड्यांचा राणीखेत रोग) दिसतात. 'मानमोडीच असेल' म्हणत मर लागलेला लॉट घाईघाईने बाजारात काढला जातो. नुसत्या डोळ्यांनी हे दोन रोग वेगळे ओळखता येत नाहीत, नमुना तपासावाच लागतो.

ब्लीचिंग पावडरबद्दल बोलू. ती पडते, हे मान्य. पण पडते कशावर? ओल्या विष्ठेवर आणि पिसांवर. पावडरीतला क्लोरीन त्या घाणीशीच लढण्यात संपतो, विषाणूपर्यंत पोचतच नाही. क्रम असा हवा: आधी खरवडून सगळं पोत्यात भरायचं आणि तोंड बांधायचं. सुक्या विष्ठेवर थेट जेट मशीन मारायचं नाही, कण उडून नाकात जातात. आधी पाणी शिंपडून भिजवायचं. मग कपड्याच्या साबण पावडरच्या पाण्याने ब्रशने घासायचं: जाळी, खालचे ट्रे, कोन, ड्रम, पिसं काढायच्या मशीनची रबरी बोटं, तराजू. या विषाणूचं बाहेरचं आवरण स्निग्ध असतं, त्यामुळे अर्धं काम साबणच करतो. धुऊन पाणी निथळू द्यायचं आणि मग ब्लीच. ३० टक्के क्लोरीनची ताजी पावडर असेल तर १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम, म्हणजे साधारण १ टक्क्याचं द्रावण. पृष्ठभाग किमान १० मिनिटं ओला राहिला पाहिजे. नंतर लोखंड धुऊन घ्यायचं, नाहीतर गंजतं. उघड्या पोत्यातली, ओल धरलेली पावडर निकामी असते. टॉयलेट क्लीनरच्या अ‍ॅसिडमध्ये ती कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. बांबूच्या टोपल्या आणि लाकडी फळ्या कितीही घासा, निर्जंतुक होत नाहीत. त्या बदलायलाच हव्यात.

आणि हे सगळं पक्षी आत असताना होऊ शकत नाही. म्हणून रिकामा दिवस. हाँगकाँगमध्ये १९९७ साली १८ जणांना एच५एन१ झाला, त्यातले ६ दगावले. तिथे २००१ पासून महिन्यातून एक दिवस बाजार रिकामा करून धुण्याचा नियम आला आणि २००८ मध्ये बाजारात रात्री जिवंत कोंबडी ठेवायलाच बंदी झाली.

नागपुरात यासाठी सोमवार सोयीचा आहे. रविवारी सर्वाधिक विक्री होते, सोमवारी बरीच घरं मांसाहार करत नाहीत. रविवारी संध्याकाळी उरलेले पक्षी कापून बर्फात किंवा फ्रीजमध्ये, सोमवारी धुलाई आणि ऊन, मंगळवारी पहाटे नवी गाडी. मात्र शहरातला 'मंगळवारी' नावाचा बाजार, मोमिनपुरा, महाल, जिथे दुकानाला दुकान लागून आहे तिथे सगळ्यांनी एकाच दिवशी केलं तरच उपयोग. शेजारचा पिंजरा भरलेला राहिला तर तुमची मेहनत वाया.

क्रेटकडे तर कुणाचं लक्षच नाही. गाडी कोंबड्या उतरवते आणि तेच विष्ठेने माखलेले क्रेट घेऊन दुसऱ्या फार्मवर जाते. बाजाराचा विषाणू खेड्यात पोचतो तो बहुधा असा. क्रेट आणि गाडीची चाकं धुतल्याशिवाय बाजाराबाहेर जाऊ नयेत, किंवा फार्मचे आणि बाजाराचे क्रेट दोन वेगळ्या रंगांचे ठेवावेत.

छोट्या दुकानदाराच्या पोटाची काळजी मलाही आहे, आणि म्हणूनच हा आग्रह आहे. रोग निश्चित झाला की १ किलोमीटरच्या आतले पक्षी मारतात आणि १० किलोमीटरपर्यंत पाहणी क्षेत्र लागतं. 'मंगळवारी' बाजारापासून १० किलोमीटर मोजा. जवळपास सगळं शहर त्यात येतं. भरपाई मिळते ती मारलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही, आणि दुकान बंद राहिलेल्या दिवसांचीही नाही. त्यापेक्षा आठवड्यातला मंदीचा एक दिवस परवडतो. मर वाढली तर पशुवैद्यकीय हेल्पलाइन १९६२ वर लगेच फोन करा.

राहता राहिला दुकानात कापणारा माणूस. सर्वाधिक धोका त्यालाच आहे, विशेषतः पिसं काढताना. मास्क, चष्मा, अ‍ॅप्रन, गमबूट वापरायला हवेत आणि दुकानातले कपडे घरी न्यायचे नाहीत. त्याला दहा दिवसांच्या आत ताप, खोकला किंवा डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगायचं की मी कोंबड्या कापतो. ओसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सर्वांत चांगलं काम करतं, पण डॉक्टरला संशयच आला नाही तर ते सुरू होणार कसं?